ठाणे खाडीचा गाळ आणि धातूंचा माग : ऐरोलीच्या काठावरचा इतिहास

कारखान्याच्या सांडपाण्यातून खाडीत उतरलेला पारा, शिसे किंवा कॅडमियम पाण्यात फार काळ राहत नाही. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, खाली बसतात, आणि जाताना धातूलाही बरोबर नेतात. वरचे पाणी भरतीला येते, ओहोटीला जाते. गाळ मात्र जागच्या जागी साचत राहतो. म्हणून ठाणे खाडीतल्या जड धातूंचा इतिहास पाण्यापेक्षा चिखलात जास्त आहे आणि तो वाचण्यासाठी माणसाला एकामागून एक नवी साधने शोधावी लागली. त्या साधनांच्या रांगेतले सर्वांत अलीकडचे साधन म्हणजे ग्राफीनचा संवेदक.

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. उत्तर टोकाला ती उल्हास नदीशी एका अरुंद फाट्याने जोडलेली आहे आणि दक्षिणेला ट्रॉम्बे-उरणच्या बाजूला मुंबई बंदरात रुंद होत जाते. ऐरोली या खाडीच्या पूर्व काठावर, वरच्या अरुंद भागात वसलेली आहे. समोर मुलुंड, भांडुप, कांजूरची मिठागरे. हे स्थान महत्त्वाचे आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वरच्या भागात गोडे पाणी फारसे येत नाही. ओहोटीला बाहेर निघालेले पाणी पुरते समुद्रात पोहोचण्याआधीच पुढची भरती त्याला परत आत ढकलते. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो, भांगाच्या दिवसांत तोही नसतो. जे आत पडले ते आतच घोटाळत राहते.

औद्योगिक काळाच्या आधी इथल्या माणसांना या गोष्टी पाठ होत्या. ऐरोली, दिवा, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली ही आगरी-कोळ्यांची गावे. खाडीलगतच्या खाजणात बांध घालून, उघाडीतून पाण्याची ये-जा राखून खाऱ्या जमिनीत भात पिकवले जाई. उघाडीची झापे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. या साध्या लाकडी दारावर सगळी शेती उभी होती. बाकीचे पोट खाडीवर. पाग टाकून बोईट, जाळ्यात कोळंबी आणि जिताडा, चिखलात हात घालून निवट्या आणि चिंबोऱ्या, खडकावर कालवे. पाणी चांगले की वाईट हे नाकाने, डोळ्याने आणि मासळीच्या वागण्यावरून ठरे. ही पारख कुजकट सांडपाण्याच्या बाबतीत पक्की होती. धातूच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडणार होती. पाण्यात विरघळलेल्या शिशाला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. ज्या निवट्याच्या अंगात पारा साठला आहे तो पाऱ्याविना असलेल्या निवट्यासारखाच उड्या मारतो.

मुंबईतली गर्दी खाडीपलीकडे न्यावी हा विचार १९५८ साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने मांडला. गटाचा अहवाल १९५९ मध्ये आला आणि त्यात खाडीवर पूल बांधून पलीकडे वसाहत उभारण्याची शिफारस होती. पूल व्हायला वेळ लागला, कारखाने आधी आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि खाडी व पारसिकची डोंगररांग यांच्यामधली ठाण्यापासून बेलापूरपर्यंतची लांबट पट्टी 'ट्रान्स ठाणे क्रीक' म्हणजे टीटीसी औद्योगिक क्षेत्र म्हणून विकसित होऊ लागली. १९६८ मध्ये नोसिल कंपनीचा नाफ्था भंजन प्रकल्प सुरू झाला आणि ठाणे-बेलापूर रस्ता देशाच्या पेट्रोरसायन उद्योगाच्या नकाशावर आला. त्याच्या आगेमागे रंगद्रव्ये, औषधे, कीटकनाशके, कॉस्टिक सोडा, विजेची यंत्रे, पोलाद, मुलामा देण्याची छोटी युनिटे अशी शेकडो कामे या पट्ट्यात उभी राहिली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि उरलेली जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. गावांची शेती गेली. हातात राहिली ती खाडी, आणि नेमके त्याच दशकात तिच्यात काय उतरते आहे हे कोणाला दिसत नव्हते.

या उद्योगांपैकी पाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची होती कॉस्टिक सोडा बनवण्याची त्या वेळची पद्धत. मिठाच्या संपृक्त पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन एका ध्रुवावर सुटतो आणि सोडियम दुसऱ्यावर. जुन्या पद्धतीत हा दुसरा ध्रुव म्हणजे उतरत्या तळावरून वाहणारा पाऱ्याचा पातळ थर असे. सोडियम पाऱ्यात मिसळून पारदमिश्रण तयार होई; ते पुढच्या भांड्यात पाण्याशी भेटले की पाण्यात कॉस्टिक सोडा उतरे, हायड्रोजन सुटे आणि पारा पुन्हा फिरून पहिल्या भांड्यात येई. कागदावर पारा कधीच संपत नाही. प्रत्यक्षात तो थोडा वाफेतून, थोडा मिठाच्या गाळातून, थोडा धुण्याच्या पाण्यातून निसटतो, आणि वर्षानुवर्षे निसटतो. क्रोमियम, तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम यांचे मार्ग वेगळे होते: मुलाम्याच्या टाक्या, रंगद्रव्ये, उत्प्रेरकांचे अवशेष, बॅटऱ्या. नाले मात्र सगळ्यांचे एकाच खाडीकडे जात.

पारा माशांतून माणसात येतो हे जगाला जपानने शिकवले. क्युशू बेटावरच्या मिनामाता या कोळी वस्तीत १ मे १९५६ रोजी एका अज्ञात मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. मांजरे झोकांड्या खात मरत होती, मुलांचे हातपाय वाकडे होत होते. कारण सेंद्रिय पारा आहे हे कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर करायला १९५९ चा जुलै उजाडला. तीन वर्षे लागली. त्याआधी मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशा एकेका धातूवर संशय घेऊन झाला होता. एका खाडीतला एक धातू ओळखायला विद्यापीठातल्या रसायनशाळेला इतका वेळ लागतो, हा मिनामाताच्या कहाणीतला फारसा न सांगितला जाणारा भाग आहे. १९७० मध्ये नॉर्वाल्ड फिमराइट या संशोधकाने कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा दाखवला आणि संशयाची सुई सरळ कॉस्टिक सोडा कारखान्यांकडे वळली. तेव्हापासून जगभर जिथे असा कारखाना आणि जवळ मासेमारी, तिथे पारा शोधला जाऊ लागला. ऐरोलीच्या काठावर दोन्ही होते.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल उचलले होते. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा आहे, त्याची अंमलबजावणी करणारे मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले; केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. पण कायद्याला आकडा लागतो आणि आकड्याला यंत्र.

पाण्यातला धातू ओळखण्याच्या जुन्या रीती ढोबळ होत्या. नमुन्यात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला की शिशाचा काळा, कॅडमियमचा पिवळा साका खाली बसे. प्रयोगशाळेत सडक्या अंड्याचा वास भरून राही. सोमलासाठी जेम्स मार्श याने १८३६ मध्ये शोधलेली कसोटी होती, तीत काचेच्या थंड नळीवर धातूचा चकचकीत आरसा उमटे. विषप्रयोगाच्या खटल्यात एवढे पुरे. खाडीच्या पाण्यात मात्र धातू असतो तो लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाण्याने भरावेत आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम पारा, म्हणजे वाटाण्याहून लहान एक थेंब, सारखा मिसळावा. तेव्हा लिटरमागे एक मायक्रोग्रॅम होतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा नेमकी एवढीच आहे: लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम. शिशाची ०.०१, कॅडमियमची ०.००३. सांडपाण्यातल्या पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम.

इतक्या खाली पाहण्याची पहिली खिडकी उघडली प्रागमध्ये. यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये ठिबकणाऱ्या पाऱ्याच्या थेंबांचाच ध्रुव करून विद्युतप्रवाह मोजला आणि प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या विद्युतदाबाला प्रतिसाद देतो हे दाखवले. या पद्धतीला पोलरोग्राफी म्हणतात. तिच्यासाठी त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले. दुसरी खिडकी ऑस्ट्रेलियात अॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये उघडली. ज्योतीत उडवलेला धातूचा अणू स्वतःच्याच रंगाचा प्रकाश शोषून घेतो, किती शोषला हे मोजले की धातू किती ते कळते. पाऱ्याला तर ज्योतही लागत नाही. हॅच आणि ऑट यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या रीतीत नमुन्यात कथिलाचा स्टॅनस क्षार घातला की पारा मोकळा होतो, हवेचे बुडबुडे त्याची वाफ नळीत ओढून नेतात आणि २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात तिची सावली पडते. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने याच तत्त्वावर बनवलेले पाराविश्लेषक पुढे देशातल्या असंख्य प्रयोगशाळांत दिसू लागले. परदेशी यंत्राची वाट पाहायची गरज राहिली नाही, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

या साधनांनी खाडी बोलू लागली. मुंबई-ठाणे परिसरातल्या माशांतल्या पाऱ्याची प्राथमिक पाहणी तेजम आणि हलदार यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एम. डी. झिंगडे आणि बी. एन. देसाई यांचा ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध १९८१ मध्ये 'मरीन पोल्युशन बुलेटिन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. या खाडीवरची पुढची अनेक कामे या निबंधाचा आधार घेतात. पाणी भरतीबरोबर बदलते, गाळ टिकतो. म्हणून लक्ष हळूहळू गाळाकडे वळत गेले. १९९४ मध्ये शर्मा, बोरोले आणि झिंगडे यांनी मुंबईलगतच्या समुद्रतळाचा गाळ शिसे-२१० ने कालबद्ध केला.

ही रीत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ओहोटीला चिखलात एक नळी सरळ उभी खोचतात, वरचे तोंड बंद करून उपसतात आणि आतला गाळाचा खांब सुरीने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या चकत्यांत कापतात. वरची चकती काल-परवाची, खालची आजोबांच्या काळातली. शिसे-२१० हा हवेतून सतत झडणारा नैसर्गिक किरणोत्सारी अणू. दर २२ वर्षांनी तो निम्मा होतो, म्हणून खाली जावे तसा तो कमी होत जातो आणि त्यावरून चकतीचे वय ठरते. मग त्याच चकतीतला पारा, तांबे, जस्त मोजायचे. कारखाना कधी आला, कधी थांबला, हे कंपनीच्या दप्तरात नसले तरी गाळात असते. खाडीच्या पश्चिम काठावर ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि किरणोत्सार मोजण्याचे कसब तिथे पिढीजात. त्यामुळे ठाणे खाडीचा चिखल देशातल्या बऱ्यापैकी अभ्यासलेल्या चिखलांपैकी एक ठरला.

पुढच्या काळात दोन गोष्टी शेजारी शेजारी घडत गेल्या. एकीकडे पट्ट्याचे रूप पालटले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका आली, १९९९ मध्ये ऐरोली-मुलुंड पूल खुला झाला, २००४ मध्ये ठाणे-तुर्भे लोहमार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या. मोठे रासायनिक कारखाने आटत गेले, काही बंद पडले, आणि ऐरोली-घणसोलीत त्या जागांवर माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती चढल्या. औद्योगिक पट्ट्यासाठी कोपरखैरण्याला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले. २००३ मध्ये केंद्र सरकार आणि उद्योग यांच्यात झालेल्या सनदेनुसार पारा वापरणारे कॉस्टिक सोडा कारखाने टप्प्याटप्प्याने पाऱ्याविना चालणाऱ्या पडदा-पद्धतीकडे वळवायचे ठरले. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

दुसरीकडे, आधीच आत गेलेला धातू आतच होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक समूहांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा नवी मुंबईला ७३.७७ मिळाले, सत्तरच्या वर म्हणजे 'अतिप्रदूषित'. आणि याच खाडीत हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी उतरत होते. ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०१७ मध्ये कांदळवन कक्षाचे सागरी व किनारी जैवविविधता केंद्र ऐरोलीला सुरू झाले, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहितांच्या येण्याला काहीजण खाडी सुधारल्याचा दाखला समजतात. तसे म्हणणे घाईचे आहे. धाकटा रोहित चोचीने पाणी गाळून सूक्ष्म शेवाळ खातो आणि ते शेवाळ सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर माजते. पक्षी आले म्हणजे शेवाळ आहे एवढेच कळते. चिखलातल्या पाऱ्याबद्दल पक्षी काही सांगत नाही, तो फक्त चिखलात उभा असतो.

म्हणजे प्रश्न पुन्हा मोजण्याचा. यंत्रे सुधारत गेली. १९८० नंतर आलेले प्लाझ्मा वस्तुमानमापक तर लिटरमागे नॅनोग्रॅमपर्यंत उतरते. पण ही सारी यंत्रे वातानुकूलित खोलीत, आर्गॉन वायूच्या नळकांड्यांजवळ बसलेली असतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा महापे इथे, ऐरोलीपासून मोटारीने थोड्याच अंतरावर आहे. अंतर किलोमीटरांचे नाही, वेळेचे आहे. शिशासाठीची पॉलिथिनची बाटली आधी नायट्रिक आम्लाने धुवावी लागते. नमुना भरल्यावर पुन्हा आम्लाचे थेंब घालून सामू २ च्या खाली आणावा लागतो. नाहीतर शिशाचे आयन बाटलीच्या भिंतीलाच चिकटतात आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पाणी होते त्याहून स्वच्छ दिसू लागते. पाऱ्यासाठी काचेची बाटली, कारण पाऱ्याची वाफ प्लॅस्टिकमधून पाझरते. मग बर्फाची पेटी, नोंदणी, पाचन, रांग, अहवाल. तोवर खाडीत भरती-ओहोटीचे कितीतरी फेरे होऊन गेलेले असतात. कोणी रात्री टँकर नाल्यात रिकामा केला तर सकाळचा नमुना त्याबद्दल गप्प राहतो. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर अखंड ऑनलाइन मापक बसवण्याचे आदेश दिले. पण त्या मापकांचे मुख्य लक्ष सामू, तरंगते कण, जैविक आणि रासायनिक ऑक्सिजनची मागणी यांवर असते. धातूंचा अखंड मापक महाग, नाजूक आणि दुर्मीळ.

इथे ग्राफीनचा प्रवेश होतो. मराठीत ज्याला शिसपेन्सिल म्हणतात तिच्यात शिसे कधीच नव्हते. ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनच्या एकावर एक रचलेल्या चादरी. त्यातली एकच चादर, एका अणूइतकी जाड, म्हणजे ग्राफीन. सैद्धांतिक गणित पी. आर. वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडले होते. प्रत्यक्ष चादर मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून सोलून वेगळी केली. २०१० चे नोबेल त्यांना मिळाले. एक ग्रॅम ग्राफीन अंथरले तर सुमारे २,६३० चौरस मीटर भरते. जमिनीच्या भाषेत सव्वीस गुंठे. शिवाय या चादरीतला प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. आतले असे काही उरतच नाही, म्हणून तिच्यावर काहीही येऊन बसले की तिच्यातून वाहणाऱ्या विजेला ते लगेच जाणवते. २००७ मध्ये मँचेस्टरच्याच गटाने एकेका वायुरेणूचे येणे-जाणे ग्राफीनवर टिपून दाखवले.

पाण्यातल्या धातूंसाठी ग्राफीनची चादर सोलत बसणे शक्य नव्हते. त्यासाठी जुनी रीत कामी आली. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी ग्राफाइटला तीव्र आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांनी फुलवून ग्राफाइट ऑक्साइड बनवण्याची पद्धत दिली होती. त्याच्या चादरी पाण्यात सुट्या होतात, शाईसारख्या पसरतात. त्यांच्या कडांवरचे ऑक्सिजनयुक्त गट शिसे, कॅडमियम, तांब्याच्या आयनांना धरून ठेवतात. नंतर ऑक्सिजन काढून टाकला की वीजवाहकता बऱ्याच अंशी परत येते. या पद्धतीत आम्लाचे आणि मँगनीजचे सांडपाणी भरपूर निघते. संवेदक बनवणाऱ्यांनी तेही मोजले पाहिजे, नाहीतर एका खाडीच्या पहाऱ्यासाठी दुसरी खाडी खराब व्हायची. राइस विद्यापीठात २०१४ मध्ये जेम्स टूर यांच्या गटाने प्लॅस्टिकच्या फिल्मवर लेसर फिरवून थेट ग्राफीन उमटवले, ही त्या मानाने स्वच्छ वाट.

कार्यपद्धती मुळात हेरोव्हस्कींच्याच घराण्यातली आहे. त्या परंपरेत धातू गोळा करण्यासाठी पाऱ्याचाच थेंब किंवा थर वापरत. विषारी धातू शोधायला दुसरा विषारी धातू लागे आणि तो काठावर नेणे कोणालाच नको असे. जोसेफ वांग यांनी २००० मध्ये पाऱ्याऐवजी बिस्मथचा थर चालतो हे दाखवले आणि अडचण सुटली. २००९ च्या सुमारास चीनमधल्या संशोधकांनी नाफिऑन हे बहुवारिक आणि ग्राफीन यांच्या थरावर शिसे आणि कॅडमियम मोजून दाखवले. त्यानंतर अशा निबंधांची रीघ लागली.

हाताच्या बोटाएवढ्या एका पट्टीवर तीन ध्रुव छापलेले असतात. मधल्यावर ग्राफीनचा काळपट ठिपका. त्यावर पाण्याचा थेंब ठेवून ठिपक्याला सुमारे उणे १.२ व्होल्ट दाब देतात आणि दोन-तीन मिनिटे थांबतात. या वेळात थेंबातले धातूंचे आयन खेचले जाऊन ठिपक्यावर धातू होऊन बसतात. मग दाब हळूहळू वर चढवतात. ठाणे-तुर्भे लोहमार्गावरच्या गाडीतून जसे कोणी ऐरोलीला, कोणी रबाळ्याला, कोणी घणसोलीला उतरते, तसे हे धातू आपापल्या ठिकाणी उतरतात: कॅडमियम उणे ०.८ व्होल्टच्या आसपास, शिसे उणे अर्ध्या व्होल्टच्या थोडे अलीकडे, तांबे शून्याजवळ. प्रत्येक उतरताना प्रवाहाची एक टेकडी आलेखावर उठते. टेकडीची जागा धातूचे नाव सांगते, उंची त्याचे प्रमाण. सगळे काम खिशात मावणाऱ्या यंत्रावर, पाचेक मिनिटांत. पाऱ्यासाठी वेगळी युक्ती आहे. डीएनएमधला थायमिन हा घटक पाऱ्याच्या आयनाला दोन बाजूंनी घट्ट पकडतो, आणि या पकडीवर आधारलेला संवेदक जपानमध्ये ओनो आणि तोगाशी यांनी २००४ मध्ये दाखवला. असे थायमिनचे धागे ग्राफीनवर उभे केले की पारा त्यांत अडकतो आणि चादरीची वीज बदलते.

प्रयोगशाळेतल्या नळाच्या पाण्यात हे सगळे सुरेख चालते. ठाणे खाडीसारख्या ठिकाणी खरी कसोटी लागते. खारेपणाची अडचण कमी, मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते. त्रास देतात ती सेंद्रिय द्रव्ये: सांडपाण्यातली साबणासारखी संयुगे, कांदळवनाच्या पानांचे कुजलेले तपकिरी आम्ल. ती ठिपक्यावर थर धरतात आणि टेकड्या बुटक्या होतात. तांबे जास्त असले तर ते शिशाची टेकडी बिघडवते. यंत्र पाण्यात कायमचे बुडवून ठेवले तर काही दिवसांत शेवाळ चढते, मागून शंख-शिंपले. एका घाण्यात बनवलेल्या ग्राफीनच्या पट्ट्या पुढच्या घाण्यातल्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशी ताडून पाहावे लागते. आणि सगळ्यांत मोठी मर्यादा: संवेदकाला दिसतात ते पाण्यात मोकळे फिरणारे आयन. गाळाच्या कणाला चिकटलेला धातू त्याला दिसत नाही. गाळ आम्लात शिजवून धातू सोडवल्याशिवाय चिखलाचे उत्तर कोणतीही पट्टी देऊ शकत नाही.

तरीही काठावर मोजण्याची वाट भारतात पडू लागली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादमधल्या केंद्राने पाण्यातले घातक षट्संयुजी क्रोमियम जागेवरच रंगावरून ओळखणारा संच तयार केला आणि त्याच्या निर्मितीचे तंत्रज्ञान नागपूरच्या एका उद्योगाला दिले. त्यात ग्राफीन नाही, साधा रंगबदल आहे. पण मुलाम्याच्या कारखान्यामागच्या नाल्याशी उभे राहून काही मिनिटांत उत्तर मिळणे ही गोष्ट तीच आहे. ग्राफीनसाठी केरळमध्ये सी-मेट ही सरकारी संशोधन संस्था, तिथले डिजिटल विद्यापीठ आणि टाटा स्टील यांनी मिळून केंद्र उभारले आहे. सी-मेटची पुण्यातली प्रयोगशाळा महाराष्ट्राला जवळची.

कायद्याच्या बाजूने पट्टीवरचा आकडा अजून पुरावा नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या २१ व्या कलमानुसार कारखान्याला सूचना देऊन, त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, बाटल्या सीलबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात आणि मग मंडळाच्या प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य ठरतो. खाडीकाठच्या पट्टीचे काम त्याच्या आधीचे आहे. कोणत्या उघाडीशी, भरतीच्या कोणत्या वेळी, पावसाच्या कोणत्या पहिल्या सरीनंतर बाटली भरायची हे ती सांगू शकते. दिवा कोळीवाड्याच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या होड्या रोज याच पाण्यातून जातात, याच नाल्यांच्या तोंडांवरून परततात. त्यांतल्या एखाद्या होडीत पट्ट्यांची डबी आणि खिशातले यंत्र असले, तर महाप्याच्या प्रयोगशाळेला योग्य जागेची आणि योग्य वेळेची बाटली मिळेल.